लॅपटॉप अचानक का मंदावला?

थेरगावात आमच्या इमारतीत एक कुटुंब राहते. वडील चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतात. थोरली मुलगी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे, धाकटीने नुकतीच नववीची परीक्षा दिली होती. घरात लॅपटॉप एकच, तोही आठ वर्षे वापरलेला. मे महिन्यातल्या एका दुपारी तो एकाएकी इतका मंदावला, की टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायला दोन-तीन सेकंद लागू लागले. थोरलीला प्रकल्पाचा अहवाल आठ दिवसांत द्यायचा होता. त्यातच आदल्या दिवशी धाकटीने चित्रे काढण्याचा एक नवा प्रोग्रॅम त्यात घातला होता. मग काय विचारता! सगळ्या घराने तिलाच धारेवर धरले. नव्या लॅपटॉपसाठी पैसे कुठून उभे करायचे, याचीही बोलणी सुरू झाली.

धाकटी रडवेली होऊन माझ्याकडे आली. “काका, मी खरंच काही बिघडवलं का हो?”

मित्रांनो, तुम्ही काय उत्तर दिले असते? काल प्रोग्रॅम घातला आणि आज लॅपटॉप मंदावला, एवढे खरे. पण एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, असे म्हणता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे! तेव्हा मी तिला म्हणालो, “ते आपण लॅपटॉपलाच विचारू. एक वही आणि घड्याळ घेऊन ये.”

तपासाआधी एक काम मात्र केले. अहवालाची आणि घरच्या छायाचित्रांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली. मंदपणाचे कारण निकामी होत चाललेली हार्डडिस्क हेही असू शकते, आणि तसे असेल तर पुढच्या क्षणी सारेच हातचे जायचे. वैद्याने नाडी पाहण्याआधी दागिने तिजोरीत ठेवावेत, तसेच हे!

आता प्रयोग. एकच फाईल निरनिराळ्या वेळी उघडायची आणि किती सेकंद लागतात ते लिहून ठेवायचे. सकाळी सात वाजता, रात्रभर बंद असलेला लॅपटॉप चालू केल्यावर, ३५ सेकंद लागले. वीस मिनिटे काम केल्यावर तीच फाईल उघडायला ९० सेकंद लागले. दुपारी दोन वाजता मात्र तब्बल १८० सेकंद!

या तीन आकड्यांकडे नीट पाहा. यंत्र तेच, फाईल तीच, प्रोग्रॅमही तेच. मग सकाळी बरा असलेला लॅपटॉप दुपारी आजारी का पडावा? धाकटीने घातलेला प्रोग्रॅम सकाळीही त्यात होताच की. तरीही खात्री करण्यासाठी आम्ही तो काढून टाकला आणि पुन्हा वेळ मोजली. आकड्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमचा नियम होता. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर कशाने काय झाले हे कधीच कळले नसते.

पहिला संशयित असा सुटला. आता उरलेले पाहू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की विंडोजवर चालणाऱ्या संगणकात टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. कोणत्या भागावर किती भार आहे, ते तीत दिसते.

दुसरा संशयित म्हणजे रॅम, संगणकाची तात्पुरती स्मृती. रॅम पुरेनाशी झाली, की संगणक तिच्यातला मजकूर हार्डडिस्कवर ठेवू लागतो. रॅममधून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट! रॅमला एक सेकंद लागतो असे धरले, तर हार्डडिस्कला जवळजवळ २८ तास लागतील. करून पाहा हा हिशोब. पण आमच्या लॅपटॉपमध्ये रॅम निम्मीच भरलेली होती. दुसराही सुटला.

तिसरी हार्डडिस्क. ती खराब होत असेल, तर वाचता न आलेला मजकूर ती पुनःपुन्हा वाचू पाहते. मग विशेष काम नसतानाही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून राहतो. इथे तो बराच खाली होता. शिवाय खराब डिस्कने सकाळीही त्रास दिलाच असता.

चौथा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप. तिच्यावरचा भार जवळजवळ शंभर टक्के होता. पण वेग? सकाळी २·४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके, दाखवणारा आकडा दुपारी ०·८ वर घसरलेला! मधूनच तो वर चढे आणि पुन्हा कोसळे. धाकटीने लॅपटॉपच्या कडेच्या झरोक्यासमोर हात धरला. पंख्याचा आवाज मोठा, पण झुळूक जेमतेम. खालचा भाग मात्र चटका बसावा इतका तापलेला.

आता उलगडा होऊ लागला. प्रोसेसरमधली कोट्यवधी सूक्ष्म बटणे उघडमीट करताना थोडी थोडी ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते. ठोके जितके जास्त, तितकी उष्णता जास्त. ती तांब्याच्या नळीतून धातूच्या पातळ पात्यांपर्यंत नेली जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत पोचले, की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच आपले ठोके कमी करतो. अनेक लॅपटॉपमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे मंदपणा हा बिघाड नव्हताच, तो जीव वाचवण्याचा उपाय होता!

“पण काका, धूळ तर आठ वर्षं साठतेय. मग मंद अचानक कसा झाला?” धाकटीने विचारले. प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. ओहमचा नियम आठवा: विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. उष्णतेलाही असाच नियम लावता येतो. चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक म्हणजे शक्ती गुणिले उष्णतेच्या वाटेतला रोध. समजा, चिप १५ वॅट शक्ती वापरते आणि स्वच्छ यंत्राचा रोध दर वॅटला ४ अंश आहे. मग फरक ६० अंशांचा. धुळीने रोध वाढून ४·५ झाला, तर फरक ६७·५ अंशांचा.

फेब्रुवारीत खोलीचे तापमान २६ अंश धरले, तर धूळ असूनही चिप ९३·५ अंशांवर राहील. कोणाला काही कळणार नाही. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर गेली, की बेरीज होते १०२·५. मर्यादा ओलांडली! धूळ तेवढीच आहे, फक्त हवा ९ अंशांनी तापली. आणि यंत्र स्वच्छ असते, तर मे महिन्यातही चिप ९५ अंशांवरच राहिली असती. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण नियम खरा आहे.

थेरगावात पवनेवर केजूदेवीचा बंधारा आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी इंचाइंचाने चढत असते. ते माथ्याखाली असते तोवर काठावरच्या माणसाला विशेष काही दिसत नाही. शेवटचा एक इंच चढला, की पाणी धो धो कोसळू लागते. ते कोसळणे अचानक असते, चढणे नव्हे. लॅपटॉपचेही तसेच झाले होते.

तरी हा अजून अंदाजच होता. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी शेवटचा प्रयोग केला. दुपारी दोन वाजता लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवला, म्हणजे खालून हवा खेळेल, आणि टेबलपंखा त्याच्याकडे वळवला. दहा मिनिटांत ठोक्यांचा आकडा वर आला, आणि तीच फाईल ६० सेकंदांत उघडली!

संध्याकाळी पहिल्या पाळीहून परतून जेवणखाण झाल्यावर वडिलांनी वही वाचली. “आमच्याकडे पण हेच सांगतात,” ते म्हणाले, “आधी बघ, मग पान्हा लाव.” त्यांनी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचे झाकण उघडले आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. पंखा आणि पाती यांच्या मधोमध धुळीचा आणि कपड्यांच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसला होता. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून त्यांनी तो मऊ ब्रशाने काढला. चिपवरचा उष्णतावाहक लेपही वाळून तडकला होता. तो पुसून नवा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तीच फाईल ३८ सेकंदांत उघडली. अहवाल वेळेवर गेला. आणि धाकटीला तिचा चित्रांचा प्रोग्रॅम पुन्हा घालून देण्याचे काम थोरलीने आपणहून केले.

तुमच्या घरच्या किंवा शाळेतल्या संगणकावर हा तपास जरूर करून पाहा. कारण दरवेळी धूळच असेल असे नाही. संगणक सकाळपासूनच मंद असेल आणि डिस्कचा आकडा शंभरावर असेल, तर डिस्कची तपासणी करून घ्या. जुन्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवल्यास पुष्कळ जुने लॅपटॉप पुन्हा कामाचे होतात. रॅम भरलेली असेल, तर न लागणारे प्रोग्रॅम बंद करा. लॅपटॉप उघडण्याचे काम मात्र जाणत्या मोठ्या माणसाकडूनच करवून घ्या. बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला दाबू नका, टोचू नका. लॅपटॉप बंद करून लगेच दुरुस्तीवाल्याला दाखवा.

शिक्षकांनी एक करावे. शाळेतल्या एका संगणकावर एकच फाईल सकाळी आणि दुपारी उघडून, लागणारा वेळ आणि खोलीचे तापमान वर्षभर विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावे. मार्च ते मे या काळातले आकडे आलेखावर मांडले, तर रेषा सरळ चढते की एखाद्या ठिकाणी एकदम वळते? उत्तर आलेखच देईल.