हरवलेल्या पाऊलवाटा

'हरकारा' हा शब्द तुम्ही उर्दूत वाचला असेल. तो मराठीतही आहे. हरकारा म्हणजे पत्र किंवा निरोप घेऊन जाणारा माणूस. त्याला जासूदही म्हणत. आगगाडी नव्हती, मोटार नव्हती, तेव्हा टपाल माणसाच्या पायांवर चाले. हरकारा रान आणि ओढे ओलांडत आपल्या टप्प्यापर्यंत धावत जाई व थैली पुढच्या हरकाऱ्याच्या हाती देई.

आज काही धावपटू हौसेने रानातल्या जुन्या वाटांवर धावतात. पण या वाटा आधी शोधाव्या लागतात. त्या हरवल्या कशा? आणि सापडतात कशा?

वसई-विरारचे उदाहरण घ्या. पश्चिमेला समुद्र, मध्ये दाट वस्तीची शहरे आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे हिरवे डोंगर. येथील सोपारे हे फार प्राचीन बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल मसूदी याने या गावाचा उल्लेख 'सुबारा' असा केला आहे. बंदरात उतरलेला माल कल्याणमार्गे नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. या व्यापारी मार्गांशिवाय गावागावांना जोडणाऱ्या कितीतरी लहान पाऊलवाटा डोंगरांत होत्या.

पुढे 1867 साली विरार ते मुंबई अशी उपनगरी गाडी सुरू झाली. नंतर डोंगराच्या पायथ्याशी मुंबई-अहमदाबाद महामार्ग आला. लोक डोंगरातून पायी जाईनासे झाले. वाटेचे एक वैशिष्ट्य आहे. पाय पडत राहिले, तरच ती जिवंत राहते. कोकणातला पाऊस माती वाहून नेतो. कारवीची झुडपे माणसाच्या डोक्याहून उंच वाढतात. मग थोड्याच वर्षांत वाट बुजून जाते.

कामण गावाजवळचा कामणदुर्ग पाहा. तो सुमारे 650 मीटर उंच आहे. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. म्हणजे तेथे माणसांचा वावर होता आणि वर जाणारी वाटही होती. पण आज खालच्या रानात अनेक ढोरवाटा फुटतात. ढोरवाट म्हणजे गुरांच्या येण्याजाण्याने पडलेली वाट. ती चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी संपते. नवखा माणूस तिलाच खरी वाट समजतो आणि भलतीकडे जातो.

मग खरी वाट ओळखावी कशी? जुनी वाट सहसा सरळ चढत नाही. ती उतार पाहून वळणे घेते आणि दोन डोंगरांमधली खिंड गाठते. खडकात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याचे टाके, शेंदूर लावलेला देव या तिच्या खुणा होत. सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. पण सर्वांत मोठा आधार म्हणजे पाड्यावरची वडीलधारी माणसे. या डोंगरांत वारली, मल्हार कोळी आणि कातकरी लोक राहतात. लाकूडफाट्यासाठी, बाजारासाठी, लग्नकार्यासाठी ते याच वाटांनी गेलेले असतात. त्यांना वाटेतले पाणी ठाऊक असते, धोक्याची जागाही ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ती माणसे गेली, की वाट दुसऱ्यांदा हरवते. आणि मग ती सापडणे कठीण.

वाट सापडली, म्हणून हवे तसे धावत सुटायचे नाही. तुंगारेश्वर हे 2003 पासून अभयारण्य आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा हा जंगलपट्टा आहे. बिबट्याही याच रानातून फिरतो. म्हणून वनखात्याची परवानगी घ्यावी. एकट्याने जाऊ नये. अंधार पडण्यापूर्वी परतावे. पावसाळ्यात ओढे एकाएकी फुगतात, तेव्हा तर जाणेच टाळावे. धावताना पावले लहान टाकावीत आणि नजर चार पावले पुढे ठेवावी. झाडे तोडून नवी वाट पाडू नये. कचरा टाकू नये.

मित्रांनो, तुमच्या घरीही आजी-आजोबा, नाना-नानी असतील. पूर्वी ते शाळेत, बाजारात, नातेवाइकांकडे कोणत्या वाटेने जात, हे त्यांना आजच विचारा. त्यांचे उत्तर वहीत लिहा आणि त्या वाटेचा नकाशा काढा. एक हरवलेली वाट तुमच्या वहीत तरी जिवंत राहील.