बंदराच्या पाठीमागची कोची

कोची-मुझिरिस बिएनाले या कला-मेळ्याची सहावी खेप १२ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली, तिची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. या खेपेची सूत्रं कलावंत निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेसकडे असल्यानं आपल्याकडेही तिचा बराच बोलबाला झाला. पुण्या-मुंबईहून, पणजीहून मंडळी जाऊन येतायत. त्यांच्या फोनमध्ये तेच तीन फोटो असतात: चिनी जाळ्यांमागचा सूर्यास्त, रंगवलेली भिंत आणि ज्यू टाऊनमधलं जुन्या वस्तूंचं दुकान. बिएनालेबद्दल भरपूर लिहून झालंय, ते इथं पुन्हा नको. मला सांगायचंय ते एवढंच की कोचीला निघालाच आहात तर एक सकाळ राखून ठेवा, स्थानिक वाटाड्या घ्या आणि सायकलवर बसा. आणि फोर्ट कोचीत घुटमळू नका, तिथून दक्षिणेला गावांपर्यंत जा.

मी पहिल्यांदा कोची पाहिली ती एका सहल कंपनीच्या बसमधून. जाळ्यांपाशी वीस मिनिटं, चर्चमध्ये दहा आणि मसाल्याच्या दुकानात दीड तास. परत आल्यावर कोचीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे वेलचीच्या भावापलीकडे काही नव्हतं. या वेळी सायकलवरून गेले आणि तेच शहर नव्यानं भेटलं. कारण साधं आहे. फोर्ट कोची सपाट आहे, गिअर बदलायची वेळच येत नाही. गल्ल्या अरुंद आहेत आणि बझार रोडवर सकाळी मालाचे टेम्पो आडवे लागलेले असतात. चालत गेलात तर उन्हाआधी अर्धंही होत नाही, गाडीत बसलात तर सुंठीचा आणि मिरीचा वास काचेबाहेर राहतो. सायकलवर तो वास गोदामाच्या दारातून थेट अंगावर येतो.

आमचा वाटाड्या मट्टांचेरीतच वाढलेला, पन्नाशीच्या आसपासचा. गल्लीतली पोरं त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत होती, दुपारपर्यंत आम्हीही म्हणू लागलो. सव्वासहाला निघायचं, आठच्या आत किल्ल्याचा भाग, दहाच्या आत गाव आणि अकराला सावलीत, हा त्याचा नियम. कोचीच्या दमट हवेत हा नियम मोडू नये.

चिनी जाळ्यांपाशी त्यानं आम्हाला फोटो काढू दिले नाहीत, आधी पाहा म्हणाला. तिरक्या लाकडी सांगाड्याच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. एक माणूस मुख्य वाशावरून पाण्याच्या दिशेनं चालत जातो आणि त्याच्या वजनानंच जाळं खाली उतरतं. वर घ्यायची वेळ आली की चौघं-पाच जण मागून दोर ओढतात. दगड वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले असतात. जाळं जसजसं वर येतं तसतसे ते एकेक करून फळीवर टेकतात, म्हणून सांगाड्याचा तोल जात नाही. आम्ही पाहिलं तेव्हा जाळ्यात ओंजळभर मासळी आणि टोपलीभर जलपर्णी आली. ही जलपर्णी इथली नव्हे, आतल्या गोड्या पाण्यातून वाहत येते. जाळी चीनमधून आली की पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्या माणसांना मात्र आतल्या पाण्यात काय चाललंय याची चिंता जास्त होती. बंदराचं पाणी आणि गावाचं पाणी एकच आहे, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं.

वास्को द गामाचं थडगं, मट्टांचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं, परदेशी सिनेगॉगमधल्या निळ्या चिनी फरश्या हे सगळं मार्गदर्शिकांत आहे, त्यात वेळ घालवत नाही. वेलीचा धोबीखाना मात्र चुकवू नका. डचांनी आणलेल्या तमिळ वण्णार समाजाची माणसं तिथं अजून हातानं कपडे धुतात, कांजी करतात. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन दोर एकमेकांत पीळ घालून ताणलेले असतात आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचलं की वाऱ्यानं हलत नाही.

आणि मग चेरळायी. मराठी माणसानं कोचीत कुठं थांबायचं असेल तर इथं. तिरुमल देवस्वमच्या देवळाभोवतीची ही वस्ती गौड सारस्वतांची, म्हणजे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेल्यांची. एका ओसरीवर एक आजी उडदाचे पापड उन्हात मांडत होत्या. चेट्टानं त्यांना आम्ही महाराष्ट्रातले असल्याचं सांगितलं. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘जेवण जाल्लें वे?’ सकाळचे साडेआठ वाजले होते. पण ते तीन शब्द ऐकून आमच्यातल्या मालवणच्या काकांचे डोळे भरून आले. साडेचारशे वर्षं मल्याळममध्ये राहून ही कोकणी घरात टिकली आहे.

या वस्तीचा एक मोठा ठेवा आहे आणि कोचीच्या सायकल सफरींत तो सहसा कुणी सांगत नाही. डच मलबारचा गव्हर्नर हेंड्रिक वान ऱ्हेड यानं १६७० च्या दशकात कोचीत बसून ‘हॉर्टुस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करायला घेतला. पुढे तो ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला. मलबारच्या ७४२ वनस्पतींचं वर्णन त्यात आहे. लिनियसनं वनस्पतींची नावं ठरवताना हा ग्रंथ हाताशी ठेवला होता. पण माहिती कुणाची? इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य, यांची. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली आहे. ती कोकणीत आहे, नागरी लिपीत आहे आणि तिच्यावर १६७५ हे साल आहे. रोज सकाळ-संध्याकाळ येऊन आम्ही ही माहिती दिली, असं त्यात ते सांगतात. छापील नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक. ग्रंथातल्या चित्रांवरही झाडांची नावं लॅटिन, मल्याळम आणि अरबीबरोबर नागरीत कोरलेली आहेत.

हा ग्रंथ तीन शतकं बहुतांशी लॅटिनमध्येच अडकून होता. ज्या लोकांचं हे ज्ञान, त्यांना तो वाचता येत नव्हता. कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी त्यासाठी लॅटिनचा अभ्यास केला. ग्रंथातली जवळजवळ सगळी झाडं त्यांनी केरळात पुन्हा शोधून काढली आणि २००३ मध्ये इंग्रजी, तर २००८ मध्ये मल्याळम आवृत्ती वाचकांच्या हाती दिली. पस्तीसहून अधिक वर्षं एका ग्रंथापायी! २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १ जानेवारी २०२५ रोजी ते गेले. आपल्याकडे त्यांच्यावर फारसं काही छापून आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वान ऱ्हेड स्वतः १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला जाताना मुंबईच्या किनाऱ्याजवळ जहाजावरच मरण पावला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भलीमोठी कबर आहे. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांच्या नावाची पाटी चेरळायीत असायला हवी. आम्ही दोन फेऱ्या मारल्या, आम्हाला दिसली नाही.

चेरळायीतून निघाल्यावर शहर विरळ होत जातं. कुंबळंगीला जाताना पुलावर चेट्टानं सायकली थांबवल्या आणि दोन तारखा सांगितल्या. पहिली १३४१. त्या वर्षी पेरियारला महापूर आला, मुझिरिसचं प्राचीन बंदर गाळानं भरलं आणि इथं कोचीचं मुख उघडलं. फोर्ट कोचीसमोरचं वायपीन बेटही त्याच पुराचं मानतात, त्यावरून ‘पुदुवैप्पु’ नावाचा शकही चालला. दुसरी तारीख १९२८. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं मुखाशी आडवा पडलेला वाळूचा दांडा खणून काढला आणि त्या वर्षी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. काढलेल्या गाळाचं विलिंग्डन बेट झालं. म्हणजे कोची एकदा पुरानं घडवली, एकदा माणसानं. दोन्ही वेळा कुठली तरी वाळू उचलून कुठं तरी गेली.

कुंबळंगीला २००३ मध्ये देशातलं पहिलं आदर्श पर्यटन गाव म्हणून जाहीर केलं गेलं, २०१९ च्या ‘कुंबळंगी नाइट्स’ चित्रपटानं ते घराघरांत पोचवलं. मला तिथं ओढ होती ती पोक्काळीची. खारट पाण्यात उभं राहणारं हे भात, पुरुषभर उंच वाढतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा जूनमध्ये पेरायचं. ऑक्टोबरच्या सुमाराला वरच्या लोंब्या तेवढ्या कापायच्या, काडं पाण्यात तसंच कुजू द्यायचं. मग बांधाचा दरवाजा उघडून भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं आणि त्याबरोबर येणारी कोळंबी त्या काडावर पोसायची. खत नाही, फवारणी नाही. भाताला खारेपणा सोसायची ताकद देणारा ‘सॉल्टोल’ हा जनुकीय भाग फिलिपिन्समधल्या संशोधकांनी या पोक्काळीतूनच शोधला आणि आज जगभरच्या खाऱ्या जमिनींसाठी तो वापरला जातो.

आपल्या वाचकाला हे परकं वाटू नये. पेण-अलिबागच्या खारबंदिस्तीत उघाडी असते, गोव्याच्या खाजनात मानस असते, तशी इथं ‘तूंब’ असते. आम्ही बांधावर सायकली आडव्या टाकून तूंबेपाशी बसलो. जांभ्याच्या दोन भिंती, मध्ये खाचेत बसवलेल्या फळ्या आणि बाहेरच्या अंगाला लांबलचक पिशवीसारखं जाळं. रात्री भरतीला फळ्या काढून वर कंदील टांगतात, उजेडाला कोळंबी आत येते. ओहोटीला पाणी बाहेर पडताना ती जाळ्यात सापडते. तूंबेवरच्या म्हाताऱ्यानं एक फळी उचलून दाखवली. शेवाळानं हिरवीगार, कडा झिजून गोल झालेल्या. वडिलांच्या वेळची आहे, म्हणाला. खरी पकड अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात होते, इतर दिवशी मजुरीही सुटत नाही.

त्याचं भात मात्र गेली काही वर्षं झालेलं नाही. शेजारच्या ठेकेदारांना बारा महिने कोळंबीच हवी, ते एप्रिलच्या मध्यावर शेतातलं पाणी काढू देत नाहीत. ‘एक भात, एक मासळी’ असं सरकारचं धोरण आहे, बांधावर ते पाळलं जाताना दिसत नाही. भात गेलं की काडं गेलं, काडं गेलं की कोळंबीचं फुकटचं खाद्य गेलं. हे त्या म्हाताऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथून समुद्राकडे वळलं की चेल्लानम. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर मच्छीमारांची घरं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी समुद्र या घरांच्या चुलीपर्यंत आला होता. आता सात किलोमीटरहून लांब टेट्रापॉडची भिंत उभी आहे, तिच्यावर चालताही येतं. भिंतीच्या आतली घरं सुरक्षित झाली. भिंत जिथं संपते तिथून उत्तरेला, कन्नमालीच्या बाजूला, लाटा अंगणात येतात आणि लोक पुढच्या टप्प्यासाठी आंदोलन करत आलेत. बंदराची वाट मोठ्या जहाजांसाठी सतत खणून खोल ठेवावी लागते. किनाऱ्यानं सरकणारी वाळू त्या खोल वाटेत अडते, म्हणून आमचे किनारे उपाशी राहतात, असं इथले मच्छीमार कैक वर्षं सांगत आलेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्यानं फक्त फोर्ट कोची पाहिली त्यानं जहाज पाहिलं, त्या जहाजाची किंमत कोण भरतंय ते पाहिलं नाही.

म्हणून सायकल सफरी चालवणाऱ्यांवर माझा एक राग आहे. बहुतेक सफरी तीन तासांत किल्ल्याभोवती गोल मारून न्याहारीला संपतात. गावाकडची लांब फेरी मागितली तरच मिळते आणि मागणारे थोडे. चेट्टासारख्या माणसाला ती मनापासून करायची असते. गावात पुट्टु-कडला खाऊ घालणाऱ्या घराला, तूंब दाखवणाऱ्या म्हाताऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात. आपण मागणी केली तरच हे वाढेल.

आणि आपल्या कोकणात हे का होऊ नये? चौल-रेवदंड्याला रशियन व्यापारी अफनासी निकितिन उतरला होता, कुंडलिकेपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली घराघरांत आहे, मागे खारभूमी आहे, रस्ते सपाट आहेत. तिथल्या चार शिकलेल्या मुलांना सायकली आणि थोडं प्रशिक्षण मिळालं तर पुढच्या हिवाळ्यात सफर सुरू होईल. जिल्हा परिषदेनं हे मनावर घ्यावं.

तोवर कोचीला जाणाऱ्यांसाठी एक विनंती. बिएनाले मार्चअखेर संपते, पोक्काळीच्या शेतात कोळंबीचं पाणी १४ एप्रिलपर्यंतच ठेवायची परवानगी असते. तिकीट काढताना पंचांग उघडा आणि अमावास्या किंवा पौर्णिमा गाठा. एक रात्र कुंबळंगीत मुक्काम करा, तूंबेवर कंदील लागलेला दिसेल.