रोममधला एक रविवार : ४ डिसेंबर २०११

सकाळ
रविवार असला तरी इटलीच्या श्रममंत्री एल्सा फोर्नेरो यांना सुट्टी नाही. शपथ घेऊन अठराच दिवस झालेत. त्याआधी त्या तोरिनो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. निवृत्तिवेतन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठीच १९९९मध्ये त्यांनी 'सेर्प' हे संशोधन केंद्र उभारलं. नोव्हेंबरात इटलीच्या दहा वर्षांच्या कर्जरोख्यांचा व्याजदर सात टक्क्यांवर गेला, पंतप्रधान बेर्लुस्कोनी पायउतार झाले आणि मारिओ माँटींच्या तज्ज्ञांच्या मंत्रिमंडळात फोर्नेरोंना बोलावणं आलं. मंत्रिमंडळाची बैठक खरं तर सोमवारी व्हायची होती. ती आजच घेतली आहे.

दुपार
पालात्सो किजी, पंतप्रधानांचं कार्यालय. मंत्र्यांसमोर सुमारे ३० अब्ज युरोंचा वटहुकूम आहे. निवृत्तीचं प्रकरण फोर्नेरोंचं. नव्या वर्षापासून प्रत्येकाचं पुढचं पेन्शन त्याने भरलेल्या वर्गणीवर ठरेल. पुरुषांचं निवृत्तीचं वय ६६. वयाआधी निवृत्त व्हायचं तर पुरुषांना ४२ वर्षं आणि एक महिन्याची नोकरी हवी, स्त्रियांना ४१ वर्षं आणि एक महिन्याची. आणि सगळ्यांत जड कलम : किमान पेन्शनच्या दुपटीहून, म्हणजे महिना सुमारे ९३५ युरोंहून, जास्त मिळणाऱ्यांची महागाईवाढ दोन वर्षं बंद. एवढ्या पैशांत घरभाडं आणि औषधं भागवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा हिशेब या बाईंइतका कुणाला ठाऊक असणार?

दिवेलागणीनंतर
पत्रकार परिषद. फोर्नेरो महागाईवाढीच्या कलमावर येतात. 'त्याग' हा शब्द उच्चारायचा असतो, आणि तिथेच गळा दाटतो. डोळे भरतात. शेजारी बसलेले माँटी वाक्य पुढे नेतात. माँटी स्वतःचं पंतप्रधानपदाचं वेतन सोडल्याचंही आज जाहीर करतात; पण इटलीला आठवतं ते हे रडू. पुष्कळांनी ते नाटक मानलं. मला ते खरं वाटतं. तक्त्यातला आकडा पहिल्यांदाच माणसांच्या तोंडावर सांगायची वेळ आली होती.

त्यानंतरचे दिवस
सोमवारी कर्जरोख्यांचे व्याजदर उतरले. संसदेने महागाईवाढीची मर्यादा किमान पेन्शनच्या तिपटीपर्यंत नेली आणि २२ डिसेंबरला कायदा झाला. मग 'एसोदाती' पुढे आले : पेन्शन जवळ आलं म्हणून करार करून नोकरी सोडलेले लोक. वय पुढे सरकलं, आणि त्यांच्या हाती ना पगार, ना पेन्शन. त्यांच्यासाठी पुढे नऊ वेळा सवलतीचे नियम करावे लागले. एवढ्या घाईत ही माणसं मोजायची राहिली, ही त्या रविवारची खरी चूक.

२०१५मध्ये घटनात्मक न्यायालयाने तिपटीवरच्या पेन्शनची रोखलेली महागाईवाढ घटनाबाह्य ठरवली. पैशांची निकड होती, पण ती कायद्यात नीट मांडलेली नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ज्या कलमापाशी फोर्नेरोंचा आवाज थांबला, तेच हे कलम. ज्यांच्याकडून त्याग मागायचा, त्यांना त्याचं कारण पुरतं समजावून सांगणं हे सरकारचं देणं असतं. त्या रविवारी तेवढा वेळ कुणी दिला नाही.