वाघाची वसुली

उन्हाळ्याची सुट्टी दृष्टिपथात आली की इंदूरच्या मराठी घरांत बेतांना ऊत येतो. पूर्वी हे बेत ठरलेले असत. पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे पंधरवडाभर मुक्काम, नाहीतर महेश्वर-ओंकारेश्वरी नर्मदास्नान, आणि हात जरा सैल असेल तर पचमढी. अलीकडे या यादीत कान्ह्याच्या जंगलाने मानाची जागा पटकावली आहे. शेजारचे कुणीतरी जाऊन येते, ओट्यावर बसून वाघाचे साग्रसंगीत वर्णन करते, आणि मग आपल्याही घरात कुजबुज सुरू होते. गेल्या मे महिन्यात आम्ही जाऊन आलो. तेव्हापासून इतक्या मंडळींनी चौकशी केली की, एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सर्वांना एकदम सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

उन्हाळाच का?

वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप हवेवर असतो. पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना उघड्या गाडीतून रानात कसले फिरायचे? परंतु जंगलाचा हिशेब आपल्या हिशेबाहून निराळा आहे. पावसाळ्यानंतर जागोजागी पाणी असते आणि गवत पुरुषभर वाढलेले असते. जनावर चार हातांवर असले तरी दिसत नाही. उन्हाळ्यात नाले आटतात, झाडोरा विरळ होतो, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर सर्वांनाच यावे लागते. चितळाला यावे लागते, गव्याला यावे लागते, आणि वाघालाही. शिवाय कान्हा हे सालवृक्षांचे रान आहे. सागाचे रान या दिवसांत निष्पर्ण उभे असते. सालाला वसंतातच नवी पालवी फुटलेली असते. त्यामुळे भर मे महिन्यातही माथ्यावर हिरवी सावली मिळते. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत जंगल पर्यटकांना बंद असते. तेव्हा मुलांच्या सुट्टीत जायचे तर मे आणि जून एवढेच महिने हाती उरतात.

संक्रांतीला जंगल, होळीला गाडी

मे महिन्याचा बेत मे महिन्यात करून चालत नाही. वनविभागाचे प्रवेश-परवाने साधारण चार महिने आधी संगणकावरून मिळू लागतात, आणि सुट्टीतले दिवस पाहता पाहता संपतात. रेल्वेचे आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. आपल्याला सवय असते ती आधी आगगाडीचे तिकीट काढून मग बाकीचे पाहण्याची. येथे क्रम उलटा धरावा लागतो: आधी जंगल, मग उतरण्याची जागा, आणि शेवटी आगगाडी. आमच्या घरी याचे सूत्रच झाले, 'संक्रांतीला जंगल, होळीला गाडी'.

परवाना म्हणजे सरसकट जंगलात शिरण्याची मुभा नव्हे. तारीख, सकाळची फेरी की दुपारची, आणि कोणता विभाग, हे सारे त्यावर ठरलेले असते. कान्हा, किसली, मुक्की आणि सरही हे मुख्य विभाग. 'कान्हा' या नावाच्या मोहाने सर्वांची धाव तिकडेच असते, म्हणून तो आधी भरतो. बाकीच्या विभागांतले रान काही सावत्र नाही. उतारा ठरवताना प्रवेशद्वार पाहावे. मंडल्याच्या अंगाला खटिया, बालाघाटच्या अंगाला मुक्की. एका दाराशी उतरून दुसऱ्या दाराचा परवाना काढला, तर पहाटेची झोप आणि पैसा दोन्ही रस्त्यावर खर्च होतात. बुधवारी दुपारची फेरी बंद असते, हेही आधीच पंचांगात लिहून ठेवावे. परवान्यावर प्रत्येकाचे नाव असते, आणि जे ओळखपत्र त्यावर नोंदवले तेच मूळ स्वरूपात दाराशी दाखवावे लागते. गाडीचे भाडे आणि वाटाड्याचे मानधन निराळे द्यावे लागते. ते न धरता केलेला जमाखर्च तोंडघशी पाडतो.

सहा खुर्च्या, सात माणसे

आता खरी अडचण सांगतो. जंगलातल्या जिप्सीत सहा प्रवासी बसतात, आणि आमचे बिऱ्हाड सातांचे. आई, आम्ही उभयता, धाकटा भाऊ, भावजय, माझा मुलगा आणि भावाची मुलगी. दुसरी गाडी घ्यावी तर खर्च दुप्पट. असा प्रसंग आला की कोणत्याही मराठी घरात जे घडते तेच घडले. आई म्हणाली, "मी राहते खोलीवर. मला काय वाघाशी बोलायचंय?"

भावजयीने संगणकावरचा हात काढून घेतला. म्हणाली, "आई, तुमचं नाव पहिलं घातल्याशिवाय मी पुढे जाणार नाही." प्रकरण तापू लागले तसा चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी तोडगा काढला. फेऱ्या तीन, प्रत्येक फेरीचा परवाना वेगळा, तर प्रत्येक वेळी एका मोठ्या माणसाने मागे राहावे. चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या फेरीला भाऊ मागे, दुसऱ्या फेरीला आई, तिसऱ्या फेरीला मी. मुलांना आणि सुनांना वगळायचे नाही, हे आईनेच ठरवले होते. ज्यांच्या घरी सातवे माणूस आहे त्यांनी हा मार्ग जरूर अवलंबावा.

मंडल्याचा घाट

इंदुराहून रात्रीच्या गाडीने सकाळी जबलपूर, आणि तेथून मंडल्यावरून खटिया, सुमारे १६० किलोमीटर. घाई न करता मंडल्याला तासभर थांबावे. नर्मदेने या गावाला तीन बाजूंनी कवेत घेतले आहे. येथे गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा किल्ला आहे, आणि मराठी माणसाने या घाटावर जरा थबकावे असे कारणही आहे. १७४२ मध्ये पेशव्यांची फौज या गावावर चालून आली, मंडल्याचा राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चौथ बसली. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. म्हणजे आपली माणसे या वाटेने पूर्वीही आली होती. मात्र ती वसुलीला आली होती. हा शब्द आईने उच्चारला आणि तो पुढे तीन दिवस आमच्याबरोबर राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे खटियाच्या दाराशी गाड्यांची रांग लागली होती. शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ वाटाड्याला बजावत होते, "इतके पैसे भरलेत, आज वाघ दिसलाच पाहिजे." वाटाड्या काही न बोलता हसला. आईने माझ्याकडे पाहिले. अडीचशेहून अधिक वर्षांनी चौथाई पुन्हा दाराशी उभी होती.

बिनशिंगाचा बारशिंगा

साऱ्यांची नजर वाघावर असते, पण कान्ह्याचा खरा अभिमान बारशिंगा आहे. कठीण जमिनीवर राहणारी ही जात जवळजवळ गवतावरच जगते. १९७० मध्ये येथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते. १९३३ मध्ये अभयारण्य झाले, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तरीही ही वेळ आली. मग कुंपणात जपून त्यांची वीण वाढवली, कुरणे राखली, शिकार रोखली. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होते. त्या संरक्षणाचा लाभ बारशिंग्यालाही झाला. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे, आणि २०१५ पासून येथले बारशिंगे सातपुड्याच्या जंगलातही नेऊन सोडले आहेत.

भावाची मुलगी शिंगांची टोके मोजायला वही घेऊन बसली होती. कळप दिसला, पण बहुतेक नरांची डोकी बोडकी. उन्हाळ्यात त्यांची जुनी शिंगे गळतात आणि नवी फुटतात, असे वाटाड्याने सांगितले. तिने वहीत शून्य लिहिले आणि पुढे कंसात 'येणार आहेत' असे लिहिले.

त्याच फेरीत आईला श्रवणताल पाहायला मिळाला. दशरथाच्या बाणाने श्रावणबाळ येथेच पडला, अशी या भागातली श्रद्धा आहे. आईने गाडीतूनच हात जोडले. "त्याने आईबापांना खांद्यावरून नेलं, तुम्ही मला दुपारी खोलीवर ठेवणार," असेही ऐकवले.

कुरणातले आंबे

पुढे एका मोकळ्या कुरणात गाडी थांबली. चहूकडे साल, आणि मध्येच चार आंब्याची झाडे. सालाच्या रानात आंबा कोठून आला, असे भावजयीने विचारले. वाटाड्या म्हणाला, आंबा दिसला की समजावे येथे गाव होते. त्याच्या आजोबांचे घर अशाच एका आंब्याजवळ होते. १९६९ पासून पुढे जंगलाच्या गाभ्यातली गोंड आणि बैगा लोकांची अनेक गावे बाहेर हलवण्यात आली. बारशिंग्याला जे कुरण लागते, वाघाला जे चितळ लागते, आणि आपल्याला छायाचित्रासाठी जे मोकळे मैदान लागते, त्यातली कित्येक मैदाने म्हणजे कुणाची तरी शेते आणि अंगणे होती. त्यावाचून बारशिंगा वाचला नसता, असे जाणकार सांगतात, आणि ते खरे असावे. पण उपकाराच्या हिशेबात वाघाच्या आणि सरकारच्या आधी त्या घरांचे नाव यायला हवे. आपल्या सहा खुर्च्यांचा परवाना त्यांच्या अंगणावरून जातो.

दोन मिनिटांचा वाघ

दुसऱ्या फेरीत वाघ दिसला. माकडाने इशारा दिला, चितळ ओरडले, सगळ्या गाड्या थबकल्या, आणि पाणवठ्यापलीकडून एक वाघीण शांतपणे रस्ता ओलांडून सालाच्या सावलीत शिरली. सारा प्रकार दोन मिनिटांचा. मुलगी हर्षाने रडली. आणि गाडी परत फिरताच सर्वांच्या मनात एकच विचार आला, की नेमकी आई नव्हती.

खोलीवर येऊन कसे सांगावे, या विवंचनेत आम्ही होतो. आई उताऱ्यामागच्या घराच्या अंगणात बायकांबरोबर तेंदूची पाने जुळवत बसली होती. पन्नास पानांची एक गड्डी. तिने आमचे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं झालं, मुलांना दिसला. माझ्या अकरा गड्ड्या झाल्या."

तिसऱ्या फेरीच्या सकाळी मागे राहण्याची पाळी माझी. मीही त्या अंगणात जाऊन बसलो. घरची बाई पहाटे रानातून पाने खुडून नुकतीच परतली होती. आम्ही वाघ पाहिल्याचे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, मे महिन्यात ती रोज अंधारात निघते, आणि निघताना देवाला एवढेच मागते की, आज तो दिसू नये. पाने खुडताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेले माणूस वाघाला जनावर वाटते. हे तिने पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तशा स्वरात सांगितले. दाराशी उभे राहून "दिसलाच पाहिजे" म्हणणारे आणि अंगणातून निघताना "दिसू नये" म्हणणारे, दोघे एकाच पहाटे एकाच जंगलाकडे तोंड करून असतात. माझ्या मते कान्ह्याला जाणाऱ्याने वाघापेक्षाही ही गोष्ट पाहून यावी.

पाण्याचा धागा

म्हणून माझी विनंती अशी. फेऱ्या दोन किंवा तीन काढा, पण एक दुपार मोकळी ठेवा. खटियाचे माहिती-केंद्र पाहा, गावातून चाला, वाटाड्याला वाघाखेरीज चार गोष्टी विचारा. गाडीत मळकट रंगाचे कपडे, डोक्याला पंचा, भरपूर पाणी आणि बंद तोंड, एवढी शिदोरी पुरे. वाघ दिसला तर भाग्य; न दिसला तर कुणी आपले देणे बुडवले असे समजू नका.

आणि कान्हा हे कुठले तरी परके रान आहे, असेही समजू नका. त्या कुरणांतले पाणी ओढ्यानाल्यांतून बंजर नदीला मिळते, आणि बंजर मंडल्यापाशी नर्मदेला. तीच नर्मदा जबलपूर, नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) ओलांडून महेश्वराच्या अलीकडे जलूदला येते, आणि १९७८ पासून तेथून उपसलेले पाणी आपल्या इंदुरात नळाला येत आहे. सालाच्या सावलीत मुरलेला पाऊस आपण घरबसल्या पितो, आणि त्यासाठी कधी परवाना काढावा लागलेला नाही. ज्या घरचे पाणी प्यायलो त्या घरी पाहुण्यासारखे जावे, एवढेच म्हणायचे आहे. संक्रांत आली की परवाने काढायला बसा. आणि घरात सातवे माणूस असेल तर त्याचे नाव पहिल्या ओळीत लिहा.