मोहोर कुणाच्या हाती?

मोगल शाहजाद्यांना बऱ्हाणपूर कधी धार्जिणं झालं नाही. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली इथे दारूपायी गेला. बापाने पहारे बसवले, तेव्हा बंदुकीच्या नळीतून दारू आत पोचवली जाई, ही हकीकत खुद्द जहांगिराने लिहून ठेवली आहे. जहांगिराचा थोरला मुलगा खुस्रो १६२२ मध्ये इथेच, धाकटा भाऊ खुर्रमच्या कैदेत असताना मेला. पोटशूळाने गेला असं बापाला कळवण्यात आलं. त्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १६२६ मध्ये परवेझ, पुन्हा दारूनेच. गादीचे तीन दावेदार तापीकाठच्या या एका गावात संपले, आणि पुढे खुर्रम शाहजहान म्हणून तख्तावर बसला.

गाव मात्र ओळखलं जातं ते चौथ्या मृत्यूसाठी. १७ जून १६३१. चौदावं बाळंतपण. मुमताज महल, वय अडतीस.

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने रावेर सोडलं की महाराष्ट्र संपतो आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येतं. राज्य बदलतं, बाजारातली मराठी मात्र संपत नाही. मावा जिलेबीच्या दुकानापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणालाही विचारा, पहिलं नाव मुमताजचं निघतं. ताजमहाल खरं तर इथेच व्हायचा होता, पण इथल्या मातीने दगा दिला, किंवा संगमरवराच्या खाणी लांब पडल्या, हेही ऐकायला मिळतं. शाही किल्ल्यातल्या हमामखान्यात छताच्या लहानमोठ्या खाचांवर फुलापानांची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. काही ठिकाणी लाल आणि हिरवा रंग इतका ठळक आहे की ओला असावा असं वाटतं. तिथेही बॅटरीचा झोत टाकून एखादी आकृती दाखवली जाते आणि ताजची कल्पना हिच्यावरूनच सुचली, असं सांगितलं जातं. गावाला आपल्या वाट्याचा ताज हवा आहे. त्यात गैर काही नाही.

पण या प्रेमकथेच्या भारामुळे १६३१ च्या त्या उन्हाळ्यात बऱ्हाणपुरात आणखी काय घडलं, ते झाकून जातं. एका बाईच्या हातातला कारभार दुसरीच्या हाती गेला. तो कारभार खराखुरा होता: पगारपत्रकं होती, जहागिरी होत्या, अर्ज होते, मोहोर होती.

शाहजहान मार्च १६३० मध्ये बऱ्हाणपुरात आला तो बंडखोर सरदार खान जहान लोदीच्या पाठलागावर, आणि दख्खनच्या मोहिमेसाठी. वर्ष आपल्या ओळखीचं आहे. त्याच फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला होता. आदल्या जुलैत जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव आणि त्यांचे मुलगे दौलताबादेत निजामशाहाच्या दरबारात दग्याने मारले गेले होते. शहाजीराजे काही काळ मोगलांना जाऊन मिळाले ते या बऱ्हाणपूरच्या मुक्कामातच. आणि या सगळ्यावर पसरला होता १६३० चा महादुष्काळ. देहूत तुकोबांची पहिली बायको ज्यात गेली, तोच. सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्या वर्षअखेरीस खानदेशातून बऱ्हाणपूरला आला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची त्याने केलेली वर्णनं वाचवत नाहीत. दरबारी बखरकार अब्दुल हमीद लाहोरी लपवालपवी करत नाही. माणसं माणसांना खाऊ लागली असं तो सरळ लिहितो. मग बादशहाच्या दानधर्माचा हिशेब देतो: बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवार, एकूण एक लाख. खालसा मुलखातली सुमारे सत्तर लाखांची सारासूट. दुष्काळाच्या आकारापुढे लाखभर रुपये म्हणजे काय, हे वाचकाने ठरवावं.

अशा गावात राणी बाळंत होत होती. नवऱ्याबरोबर ती मोहिमांवर हिंडत असे. १६१२ च्या लग्नापासून एकोणीस वर्षांत चौदा मुलं, त्यांतली सात जगली. राज्यातले उत्तम वैद्य दिमतीला होते. चिनिओटचा हकीम अलीमुद्दीन, म्हणजे वजीरखान, ज्याची मशीद लाहोरात आजही पाहायला लोक जातात, तो छावणीत होता. आणि औषधपाणी जाणणारी सती-उन-निसा खानम राणीच्या पदरी होती. तरी उपयोग झाला नाही. जन्मलेली मुलगी गौहरआरा मात्र जगली, तीही १७०६ पर्यंत. ती गेली तेव्हा म्हातारा औरंगजेब, शाहजहानच्या मुलांत आता मी एकटाच उरलो, असं म्हणाल्याची नोंद आहे.

बादशहाची दाढी पांढरी झाली, त्याने गाणंबजावणं सोडलं, हे सगळं बखरकार रंगवून सांगतात. मला त्यांच्या पुढच्या पानावरचे आकडे जास्त बोलके वाटतात. मुमताजमागे एक कोटीहून अधिक रुपयांची मालमत्ता होती. तिचा अर्धा वाटा सतरा वर्षांच्या थोरल्या मुलीला, जहानआराला मिळाला. उरलेला अर्धा बाकीच्या सहा भावंडांत वाटला गेला. चार जिवंत मुलगे असताना! जहानआराची सालाची नेमणूक सहा लाखांची होती, ती चार लाखांनी वाढून आईइतकी, दहा लाखांची झाली. राज्यारोहणानंतर शाही मोहोर काही काळ मुमताजकडे होती. पुढे तिच्याच शब्दावरून ती तिचे वडील आसफखान यांच्या हाती गेली. मुमताजच्या पश्चात मोहोर जहानआराकडे सोपवण्यात आली.

सतरा वर्षांच्या मुलीने हे पेललं कसं? इथे सती-उन-निसा येते. बऱ्हाणपूरच्या कहाणीत सगळ्यांत कमी बोललं जातं ते हिच्याबद्दल, आणि माझ्या मते लक्ष द्यावं अशी तीच आहे.

ती इराणची. कॅस्पियन समुद्राकाठच्या माझंदरान प्रांतातल्या विद्वान घराण्यात जन्मलेली. तिचा भाऊ तालिब आमुली कवी म्हणून हिंदुस्थानात आला आणि १६१९ मध्ये जहांगिराचा राजकवी झाला. नवरा नसीरा वैद्यांच्या कुटुंबातला. तो वारल्यावर ती मुमताजच्या नोकरीत शिरली. कुराणपठण, फारसी गद्यपद्य, वैद्यक आणि घर चालवण्याची अक्कल, इतक्या गोष्टी तिच्यापाशी होत्या. ती राणीची मोहोर सांभाळणारी झाली आणि जहानआराची शिक्षिकाही. भावाच्या मागे त्याच्या दोन मुली तिनेच वाढवल्या.

तिचं काम कसं चाले? विधवा, अनाथ मुली, लग्नाचा खर्च न झेपणारी घरं यांचे अर्ज तिच्याकडे येत. ती चौकशी करून राणीपुढे मांडी, राणी बादशहाच्या कानावर घाली, आणि कुणाला जमीन, कुणाला तनखा, कुणाला हुंड्याची रक्कम मंजूर होई. दरबारात दानधर्माचा सद्र असे, तशी ही बायकांची सद्र. पडद्यामुळे पुरुष अधिकाऱ्याला जिथे पोचता येत नव्हतं, तिथे तिचा अंमल होता. आपण जनानखाना म्हटलं की गाद्यागिरद्या आणि गुलाबपाणी डोळ्यांपुढे आणतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त मात्र जनानखाना खात्यासारखा मांडला आहे. बायकांच्या तुकड्या, प्रत्येकीवर स्त्री दारोगा, हिशेब ठेवायला लेखनिक. वरच्या दर्जाच्या बायकांना महिना १०२८ ते १६१० रुपये, नोकरवर्गात काहींना २० ते ५१ आणि काहींना २ ते ४० रुपये. अकबराच्या वेळी बसवलेली ही घडी सती-उन-निसाच्या हाती आली तेव्हा अर्धं शतक जुनी होती.

मुमताजला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या शाही बागेत, तात्पुरतं दफन केलं. आजही तिथे जाता येतं. शेतांमधून वाट जाते, बारादरीचे पडके खांब आणि कोरडा हौद दिसतो, आणि नदीच्या या तीरावरून किल्ल्याची पाठ न्याहाळता येते. सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये, शवपेटी आग्र्याला निघाली. बरोबर पंधरा वर्षांचा शाहजादा शुजा, वजीरखान आणि सती-उन-निसा. वाटेभर अन्न आणि नाणी वाटायची होती, दुष्काळ सरला नव्हता. जानेवारी १६३२ मध्ये काफिला पोचला. मुलगा लहान, हकीम पुरुष. राणीच्या बाजूचा कारभार पाहणारी सोबत खानमचीच होती.

पुढची पंधरा वर्षं ती जहानआराचा उजवा हात होती. दारा शुकोहचं लग्न मुमताजनेच ठरवून ठेवलं होतं, बऱ्हाणपुरात मेलेल्या परवेझची मुलगी नादिरा हिच्याशी. ते १६३३ मध्ये झालं. खर्च बत्तीस लाख, त्यातले सोळा लाख जहानआराने आपल्या खिशातून दिले. सती-उन-निसा १६४७ मध्ये लाहोरात वारली. सांभाळलेली धाकटी लेक गेल्याचं दुःख तिला सोसवलं नाही, असं लिहिलेलं आहे. शाहजहानने तिचं शव आग्र्याला आणवलं. ताजच्या पश्चिमेला, दर्शनी चौकालगत तीस हजार रुपये खर्चून कबर बांधली, आणि तिच्या देखभालीला सालाना तीन हजारांचं उत्पन्न असलेलं गाव लावून दिलं. नोकरीतल्या बाईला ताजच्या आवारात जागा मिळाली, ही गोष्ट ताज पाहून आलेल्या किती जणांना ठाऊक असते?

जहानआराने मग काय केलं, त्याची यादी लांब आहे. चिश्ती संत मोइनुद्दीन यांचं चरित्र तिने पंचविशीत लिहिलं. आग्र्याची जामा मशीद तिच्या पैशातून १६४८ मध्ये पुरी झाली, दिल्लीचा चांदणी चौक तिच्या पुढाकाराने आखला गेला. ‘साहिबी’ नावाचं तिचं जहाज सुरतेहून हाजी आणि माल घेऊन जाई. मक्केच्या गोरगरिबांसाठी दरसाल तांदूळ पाठवावा असा तिचा हुकूम होता. १६५८ मध्ये दाराचा पराभव झाल्यावर भावांत राज्य वाटून घ्यावं असा तोडगा घेऊन औरंगजेबाकडे तीच गेली. त्याने मानलं नाही. बापाबरोबर ती आग्र्याच्या किल्ल्यात आठ वर्षं राहिली.

सुरत बंदराचं उत्पन्न तिच्याकडे होतं, आणि इथे ही कहाणी आपल्या अंगणात येते. १६६४ मध्ये शिवाजीराजांनी सुरत लुटली तेव्हा नुकसान झालेल्यांत बेगमसाहेबाही होत्या. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याच्या दरबारात गेले, तिथून उठून निघाले, आणि दरबारात त्यांच्याविरुद्ध कुजबुज सुरू झाली. शायिस्ताखानाची बहीण, म्हणजे वजीर जाफरखानाची बायको, आणि जहानआरा या दोघींनी त्यांना शिक्षा व्हावी असा लकडा लावला, हे आंबेरच्या लोकांनी तेव्हा लिहिलेल्या राजस्थानी पत्रांतून समजतं. मराठी इतिहासात जहानआरा खलनायिकांच्या रांगेत बसते. बसू द्यावं. पण तिचा राग सूडापेक्षा महसुलाचा होता, आणि बादशहापाशी तो मांडण्याचा तिला हक्क होता, हेही नोंदवावं. गंमत अशी की त्याच महिन्यांत स्वराज्याचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. महाराज आग्र्याला निघाले ते राज्य त्यांच्या हवाली करूनच. पुण्यात वतनाच्या तंट्यांत त्यांनी दिलेले निवाडे कागदोपत्री आहेत. १६३० च्या दुष्काळातून बाहेर पडलेल्या या दोन बायका छत्तीस वर्षांनी एकाच पेचाच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

बऱ्हाणपूर पुन्हा एकदा मध्ये येतं. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरलगतचा श्रीमंत बहादूरपुरा लुटला. औरंगजेब त्या वर्षी दक्षिणेत उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात दाखल झाला. तो वाटेवर असतानाच, सप्टेंबरमध्ये, जहानआरा दिल्लीत वारली. शाही कुटुंबातलं बायकांचं थोरपण आता औरंगजेबाची मुलगी जीनत-उन-निसा हिच्याकडे आलं. ती बापाबरोबर दख्खनच्या छावणीतच राहिली.

१६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. ते दोघं जीनत-उन-निसाच्या देखरेखीखाली आले. येसूबाई काही पडद्याआड वाढलेली भाबडी सून नव्हत्या. संभाजीराजांच्या गैरहजेरीत त्या राज्यकारभार पाहत, ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा त्यांचा शिक्का होता, आणि राजारामांनी रायगडाबाहेर निघावं हा सल्ला त्यांचाच. शिक्का चालवलेली एक बाई दुसऱ्या मोहोरवाल्या घराण्याच्या कैदेत गेली. जीनतने माय-लेकरांना सांभाळून घेतलं, हे मराठी साधनंही मान्य करतात. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाई ओलीस राहिल्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला, त्या खेपेला त्या तीस वर्षांनी साताऱ्याला आल्या.