‘लूट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

‘लूट डील’, ‘लूट ऑफर’ असे मेसेज तुमच्याही मोबाइलवर येत असतील. हा शब्द इंग्रजीने आपल्याला दिला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो आपल्याकडूनच इंग्रजीत गेला आहे.

अर्थ आणि वापर

इंग्रजीत ‘लूट’ म्हणजे युद्ध, दंगल किंवा गोंधळाचा फायदा घेऊन माल पळवणे. त्याची रूपे लूट, लूटेड, लूटिंग. ‘द शॉप्स वेअर लूटेड’ म्हणजे ‘दुकाने लुटली गेली’. गुपचूप चोरीसाठी ‘स्टील’, तर धाक दाखवून एखाद्याला किंवा बँकेला लुबाडण्यासाठी ‘रॉब’ वापरतात.

मराठीत मात्र ‘लुटणे’ नेहमीच वाईट नसते. आपण मजा लुटतो, दसऱ्याला सोने लुटतो!

उगम

संस्कृत ‘लुण्ट्’ या धातूशी या शब्दाचे नाते सांगितले जाते. इंग्रजांनी तो हिंदीतून उचलला. १८व्या शतकाच्या अखेरीस तो त्यांच्या लेखनात दिसू लागला आणि १९व्या शतकात क्रियापद म्हणून रुळला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशातही त्याची नोंद आहे.

सातारा-सांगलीतला प्रश्न

७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यातील शेणोलीजवळ तुफान सेनेच्या क्रांतिकारकांनी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली आणि पैसे ताब्यात घेतले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा तो काळ. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता.

आपण सहज म्हणतो, ‘क्रांतिकारकांनी गाडी लुटली.’ पण या मोहिमेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांना नव्वदी ओलांडल्यावरही हा शब्द मान्य नव्हता. इंग्रजांनी भारतीय जनतेकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचा आक्षेप नेमका होता. ‘लुटले’ म्हटले की तो माल समोरच्याच्या हक्काचा होता, हे आपण न बोलता मान्य करतो. कोणी काय ‘लुटले’ हे लिहिण्याआधी म्हणूनच एक प्रश्न विचारावा: ते मुळात होते कोणाचे?