तेल गळते कोठे?

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या मोटारीखाली सकाळी तेलाचा काळा डाग दिसला, की मालकाचा पहिला संशय तळाच्या चेंबरवर जातो. थेंब तेथून पडतो, तेव्हा दोषही तेथेच असणार, हे अनुमान स्वाभाविक खरे; परंतु पुष्कळदा ते फसवे ठरते. तेल वरच्या सांध्यातून पाझरते, इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येते आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागेही पसरते. यास्तव गळतीचा शोध नेहमी वरून खाली आणि पुढून मागे घ्यावा.

बंगालमधील उत्तरपारा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडर गाडीचेच उदाहरण घ्यावे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या आराखड्यावरून घडविलेल्या तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनावर पत्र्याचे टॅपेट कव्हर असते आणि त्याच्या कडेखाली बुचाचे पॅकिंग. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बूच वाळून कडक होते व तेल झिरपू लागते. मग कव्हरचे दोन नट सारी ताकद लावून आवळले जातात. त्यामुळे पातळ पत्रा वाकतो, पॅकिंग चिरडते आणि गळती उलट वाढते.

खरा उपाय सावकाशीचा आहे. थंड इंजिन बाहेरून पुसून कोरडे करावे. नंतर ते थोडा वेळ चालवून बंद करावे व पहिला ओलावा कोठे उमटतो ते विजेरीच्या उजेडात पाहावे. तो कव्हरच्या कडेला दिसल्यास, इंजिन निवल्यावर कव्हर काढून जुने पॅकिंग खरवडावे. त्याचा तुकडा आत पडू देऊ नये. कव्हर सपाट काचेवर ठेवून कड तपासावी; वाकली असल्यास लाकडी हातोडीने सरळ करावी. नवे पॅकिंग बसवावे, नटांखालचे रबरी वॉशर बदलावेत आणि दोन्ही नट आळीपाळीने, रबर किंचित दबेल इतकेच आवळावेत.

एवढ्यानेही गळती न थांबल्यास इंजिनातील वायू बाहेर सोडणारी नळी साफ करावी. ती तुंबली, की आतला दाब तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर लोटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडातून तेल ठिबकत असेल, तर मात्र ते काम कारखान्यातच न्यावे.

प्रश्न केवळ अंगणातील डागाचा नव्हे. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले तेल पेट घेऊ शकते, आणि तेलावाचून बेअरिंगे जळाली तर सारे इंजिनच उघडावे लागते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत डिपस्टिकवरील तेलाची पातळी रोज सकाळी पाहावी.